मागल्या तारखेची नोंद

लाईट गेली तेव्हा अपडेट निम्म्याच्या थोडं पुढे होतं. यूपीएसने दोनदा टुकटुक केलं, तिसऱ्यांदा करायची ताकद त्याच्या बॅटरीत उरली नव्हती. तासगावात आषाढात लाईट जाणं ही काही बातमी नाही. बातमी एवढीच की मी पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते आणि चहा व्हायच्या आत आप्पांच्या कॉम्प्युटरला "जरा अपडेट करून देते" म्हणून हात घातला होता. कुणी सांगितलं नव्हतं.

दीड तासाने लाईट आली. आप्पांच्या मशीनवरच्या लिनक्स मिंट या सिस्टीमचं चिन्ह उमटलं, मग काळी स्क्रीन, आणि वर डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक आडवी रेघ. बस्स.

फाइलसिस्टीमला, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला, दोष देण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मशीनवर एक्स्ट4 नावाची फाइलसिस्टीम होती आणि तिच्या जर्नलने, म्हणजे लिहायच्या बदलांच्या नोंदवहीने, आपलं काम चोख केलं होतं. डिस्कवरची रचना शाबूत होती. पण जर्नलला पॅकेजांमधलं काही कळत नाही. कुठली लायब्ररी नवी झाली आणि तिच्या भरवशावर चालणारे कुठले प्रोग्राम जुनेच राहिले, हा त्याचा विषयच नाही. घर बदलताना अर्धं सामान नव्या घरी, अर्धं जुन्या घरी, आणि टेम्पोवाला गायब, अशी गत. रिकव्हरीत शिरून डीपीकेजीला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामला, अर्धवट राहिलेलं काम पुरं कर म्हणून विनवलं. त्याने तीन ओळींत नकार दिला. शेवटी पेन ड्राइव्ह लावला आणि सगळं नव्याने टाकलं.

होम, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या फाइलींचं फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर, डिस्कच्या वेगळ्या भागावर होतं, त्यामुळे आप्पांची एकही फाइल गेली नाही. मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर आप्पा खिडकीपाशी बसून जुन्या डायरीत शाईच्या पेनने लिहितायत. कॉम्प्युटर बंद.

"काय झालं आप्पा, चालत नाही का?"

"चालतोय की. ळ सापडत नाही."

आप्पा गेली दोन वर्षं आमच्या भावकीची वंशावळ टाइप करतायत. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी एका जुन्या पडण्यापासून वाकत नाही, शिफ्ट दाबून ळ काढणं त्यांना जमत नाही. म्हणून मी कधीकाळी कीबोर्डाच्या मांडणीची फाइल उघडून, ते कधीच वापरत नाहीत अशा एका बटणावर ळ आणून बसवला होता. ती फाइल होममध्ये नसते. ती राहते यूएसआरच्या पोटात, म्हणजे सिस्टीममध्ये, आणि सिस्टीम मी काल रात्री पुसून टाकली होती. 'वंशावळ', 'आजोळ', 'कुळ', 'कवळे', 'माळी'. माणसाने काय लिहायचं ळ शिवाय?

त्या दिवशी ळ जागेवर बसवून पुण्याला परत आले. पण मनातून ते जाईना. मी स्वतःला सांगत आले होते की 'आपला डेटा' म्हणजे होम, बाकी सगळं पुन्हा टाकता येतं. ते खरं नाही. मशीन वापरता वापरता माणूस सिस्टीमच्या कानाकोपऱ्यांत स्वतःचं काहीबाही ठेवत जातो आणि कुठे ठेवलं ते विसरतो.

दिवाळीत जाताना 500 जीबीची नवी एसएसडी घेऊन गेले. या वेळी रूट, म्हणजे सिस्टीम जिथे राहते तिथली फाइलसिस्टीमच अशी घालायची ठरवलं होतं की जिचा स्नॅपशॉट घेता येईल, म्हणजे त्या क्षणीची स्थिती टिपून ठेवून पुढे तिच्यावर परत जाता येईल.

नावापासूनच मी निवडलेल्या फाइलसिस्टीमचा गोंधळ आहे. बीटीआरएफएस ही अक्षरं कुणी 'बटर एफएस' म्हणतं, कुणी 'बेटर एफएस', कुणी 'बी-ट्री एफएस'. आईने बटर तेवढं ऐकलं आणि म्हणाली, लोणी वितळतं हो. तिच्या शंकेत तथ्य नव्हतं असं नाही, सुरुवातीच्या काळात या फाइलसिस्टीमने बऱ्याच जणांना रडवलंय. ओरॅकलमध्ये असताना ख्रिस मेसन यांनी 2007 साली हे काम सुरू केलं. आयबीएममधल्या ओहाद रोदे यांनी त्याच वर्षी मांडलेली बी-ट्रीची, म्हणजे डेटा झाडासारखा रचण्याची, एक कल्पना तिच्या मुळाशी आहे. 2009 च्या मार्चमध्ये ती लिनक्स 2.6.29 मध्ये आली. गंमत म्हणजे असंच काम सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएसने आधीच करून दाखवलं होतं, पण तिचा परवाना लिनक्सच्या परवान्याशी जुळत नव्हता. पुढे 2010 मध्ये ओरॅकलने सनच विकत घेतली. म्हणजे सवत आणायला निघालेल्या घरातच थोरली येऊन बसली. स्वतःचं लिनक्स विकणाऱ्या सुसेने 2014 मध्ये रूटसाठी बीटीआरएफएस हीच नेहमीची निवड केली. तसाच धंदा करणाऱ्या रेड हॅटने 2017 मध्ये तिच्याकडे पाठ फिरवली, आणि रेड हॅटच्याच मांडवाखालच्या फेडोरा लिनक्सने 2020 मध्ये, 33व्या आवृत्तीत, तिला घरात घेतलं. लग्नाच्या बोलणीत असतात तसले रुसवेफुगवे आहेत हे सगळे. आरएआयडी 5 आणि 6 ला, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडायच्या पद्धतींना, अजून तिच्या भरवशावर राहू नये असं जाणकार सांगतात. माझ्यापुढे एक डिस्क होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन स्वतः मांडायचं निवडलं आणि रूटला एक्स्ट4 ऐवजी बीटीआरएफएस दिलं की तो न विचारता दोन सबव्हॉल्यूम करतो. एकाचं नाव नुसतं '@', दुसऱ्याचं '@होम'. सबव्हॉल्यूम म्हणजे पार्टिशन नव्हे. दोघांत भिंत नसते, जागा सामायिक असते, एकाच चुलीवरचे दोन भाऊ म्हणा. फरक एवढाच की स्नॅपशॉट घेताना तो एका सबव्हॉल्यूमचा घेतला जातो, आणि दुसऱ्याच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो.

आप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. चाळीस वर्षांची तलाठ्याची नोकरी. कुणीही काहीही लिहायला घेतलं की ते मागे येऊन उभे राहतातच.

"हे मागं जाणार कसं? सगळ्याची नक्कल काढून ठेवतंय का?"

मी सांगू लागले. साधी फाइलसिस्टीम जुना मजकूर बदलायचा झाला की त्याच जागेवर नवा लिहिते. ही तसं करत नाही. जुनं आहे तिथे राहू देते, नवं कोऱ्या जागेवर लिहिते, आणि मग 'आता हे खरं' असं सांगणारा वरचा धागा नव्याकडे वळवते. जुन्याकडे कुणाचंच बोट नसेल तर ती जागा मोकळी होते. स्नॅपशॉट घेणं म्हणजे जुन्या मजकुरावर एक बोट ठेवून देणं. नक्कल होत नाही, म्हणून वेळ लागत नाही, आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ लागत नाही. पुढे जसजसं नवं आणि जुनं वेगळं होत जातं तसतशी जागा खाल्ली जाते.

आप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे फेरफार."

"काय?"

"आमच्या वेळी सातबाऱ्यावरचं नाव तलाठी कधी खोडत नसे गं. जुन्या माणसाच्या नावाला कंस करायचा, खाली नवं नाव घालायचं, आणि फेरफाराचा नंबर द्यायचा. तो नंबर घेऊन सहा नंबरच्या रजिस्टरात गेलं की कुणाचं होतं, कसं आलं, खरेदीनं का वारसानं, सगळं सापडतं."

सात वर्षं मी लोकांना कॉपी-ऑन-राइट, म्हणजे हीच न खोडता लिहायची रीत, समजावत आले आहे. इतक्या कमी शब्दांत मला कधी जमलं नव्हतं.

पण त्यांचं संपलं नव्हतं. "समज, नोंद चुकली. मंडल अधिकाऱ्यानं रद्द केली. तरी तिचा नंबर राहतो, शेरा राहतो. रजिस्टरातनं पान फाडत नाहीत. तुझं हे मागं गेलं, की चूक झालती हे कुठं लिहिलेलं राहणार?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. सिस्टीमच्या नोंदी, म्हणजे लॉग, व्हार नावाच्या फोल्डरात असतात, आणि व्हार '@' मध्येच असतं. उद्या बिघाड झाला, मी '@' परवाच्या तारखेला नेलं, की लॉगसुद्धा परवाच्या तारखेला जाणार. मशीन चालू होईल, पण कशामुळे पडलं होतं ते समोरच्या लॉगात औषधालाही सापडणार नाही. तीच चूक पुढच्या आठवड्यात पुन्हा व्हायला मोकळी.

सुसेवाल्यांनी हा विचार आधीच केलाय. त्यांच्या मांडणीत व्हार वेगळं सबव्हॉल्यूम असतं, रूट मागे गेलं तरी ते मागे जात नाही. मिंट करून देत नाही, हाताने करावं लागतं. मग बसले. बीटीआरएफएसचा सगळ्यात वरचा मजला, ज्याचा क्रमांक 5 असतो, तो वेगळा माउंट केला, म्हणजे उघडून जोडून घेतला. '@' आणि '@होम' शेजारी शेजारी दिसले. त्यांच्या रांगेत '@लॉग' केलं, जुने लॉग परवानग्यांसकट त्यात नेले, एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय कुठे जोडायचं त्या यादीत, एक ओळ वाढवली. '@' च्या पोटात करून चालत नाही, रांगेतच लागतं. पोटात केलं तर मागे जाताना ते जुन्या '@' बरोबर बाजूला पडतं आणि नव्यात नुसतं रिकामं फोल्डर उरतं. हे मी आधी चुकीचं करून, मग शिकले.

दुसरी चूक स्वॅपची, म्हणजे मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरायच्या जागेची. घाईघाईत स्वॅपफाइल '@' मध्येच करून ठेवली होती आणि पहिला स्नॅपशॉट घ्यायला गेले तर मशीन म्हणालं, फाइल वापरात आहे. चालू स्वॅपफाइल ज्या सबव्हॉल्यूममध्ये असेल त्याचा स्नॅपशॉट घेता येत नाही. बीटीआरएफएसवर स्वॅपफाइल चालायला लागली तीच मुळी 2019 मध्ये, लिनक्स 5.0 पासून, आणि ही अट घेऊनच. मग तिच्यासाठीही वेगळं '@स्वॅप'. एक दिवस या सीमा आखण्यातच गेला. कुणी मागे जायचं, कुणी नाही. सिस्टीमने जायचं. होमने नाही, कारण सिस्टीम बिघडली म्हणून आप्पांनी आज दुपारी लिहिलेली तीन पिढ्यांची नावं का परत करायची? लॉगने तर मुळीच नाही.

संध्याकाळी टाइमशिफ्ट हा स्नॅपशॉट घेणारा प्रोग्राम उघडला. त्यात दोन तऱ्हा आहेत. आरसिंकची तऱ्हा कुठल्याही फाइलसिस्टीमवर चालते, पण तिला पहिल्या वेळी खरोखरच सगळं कॉपी करावं लागतं. बीटीआरएफएसची तऱ्हा निवडली आणि बटण दाबलं. जवळपास 14 जीबीची सिस्टीम, आणि माउसवरचं बोट उचलायच्या आत यादीत एक ओळ आलेली. आप्पांना ते पटेना. "झालं?" झालं. "मोडून दाखव."

काय मोडावं? पटकन दिसेल असं काहीतरी हवं होतं. मी देवनागरीचे सगळे फाँट एकेक करून काढून टाकले. वंशावळीची फाइल उघडली तर पानभर चौकोन. आमचे सगळे पूर्वज, पाटलापासून परवा जन्मलेल्या पोरापर्यंत, एकसारख्या रिकाम्या चौकोनांत. आई आत डोकावून म्हणाली, "अगं बाई, पितरं गेली की."

त्या चौकोनांतच आप्पांनी अंदाजाने एक नाव टाइप केलं आणि फाइल सेव्ह केली. परीक्षा घ्यायची त्यांची रीत ती. मग मी टाइमशिफ्टला मागे जायला सांगितलं, मशीन रीस्टार्ट केलं. सुरुवातीला 'स्पार्स फाइल नॉट अलाउड, कुठलंही बटण दाबा' असा एक इशारा येऊन गेला. तो ग्रबचा, म्हणजे मशीन लावलं की सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा आहे. ग्रबला बीटीआरएफएसवरचं वाचता येतं, पण तिथे स्वतःची चिठ्ठी लिहून ठेवता येत नाही, म्हणून कुरकुर करतो. निरुपद्रवी आहे आणि त्याचा इलाज आहे, पण पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. फाइल उघडली. अक्षरं परत आली होती. आणि चौकोनांत टाइप केलेलं नाव, शेवटच्या ओळीत, जिथल्या तिथे होतं. 'काळूबाई'. ळ सकट.

टाइमशिफ्टच्या यादीत आता एक ओळ जास्त होती. मागे जाण्याआधी त्याने बिघडलेल्या, फाँट नसलेल्या सिस्टीमचाही स्नॅपशॉट करून ठेवला होता. 'अमुक तारखेवर परत जाण्यापूर्वी' असा शेरा त्यानेच इंग्रजीत लिहिलेला. आप्पांनी तो मला वाचून दाखवायला लावला आणि मान हलवली. "कळतंय त्याला."

अंगात उत्साह फार होता, म्हणून जाताना मी '@होम'चेही दररोज स्नॅपशॉट घ्यायची खूण करून गेले. दोन महिन्यांनी आईचा फोन, जागा संपली म्हणतोय. चुलतभावाच्या लग्नाचे व्हिडिओ होते, तीसेक जीबीचे. ते बाहेरच्या डिस्कवर टाकून आप्पांनी इथून पुसले, कचरापेटीही रिकामी केली. जागा तेवढीच. पुन्हा पुसले, म्हणजे आता पुसायला काहीच नव्हतं, तरी तेवढीच. मोकळी जागा सांगणारी डीएफ ही नेहमीची आज्ञा एक आकडा सांगायची, बीटीआरएफएसची स्वतःची आज्ञा दुसरा. साठ स्नॅपशॉट त्या व्हिडिओंवर साठ बोटं ठेवून बसले होते. एखाद्या जमिनीवर कूळ लागावं तसे, मालकाने सोडून चालत नाही. ती खूण काढली, जुने स्नॅपशॉट पुसले, तेव्हा कुठे डिस्कने श्वास सोडला. आता सिस्टीमचे पाच दररोजचे, तीन आठवड्याचे आणि हाताने घेतलेले, एवढेच राहतात.

"आणि दप्तराला आग लागली तर?" हा प्रश्नही त्यांचाच. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, डिस्क गेली की ते सगळे एकदम जातात. आजचं मशीन आणि मागची दहा मशीनं, एकाच धक्क्यात. चेकसममुळे, म्हणजे मजकुरासोबत ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्यामुळे, डिस्कवरचा एखादा तुकडा कुजला तर बीटीआरएफएसला कळतं, पण फाइलच्या मजकुराची दुसरी प्रत नसेल तर ती सांगण्यापलीकडे काही करू शकत नाही. म्हणून होमसाठी बाहेरची डिस्क. दर रविवारी, देवघराच्या वरच्या फळीवरून काढायची, लावायची, परत ठेवायची. हे काम आई करते. आम्हा दोघांपेक्षा नेमाने.

फेब्रुवारीत एका सकाळी साडेसहाला फोन. पुन्हा काळी स्क्रीन, या वेळी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने दगा दिला होता. मी बसमध्ये. पूर्वी असं झालं की 'राहू द्या, मी आले की बघते' म्हणायची आणि तीन आठवडे मशीनवर टॉवेल पांघरलेला असायचा. आता ग्रबच्या मेन्यूत स्नॅपशॉटची यादी दिसेल अशी सोय करून ठेवली होती. फोनवरून सांगत गेले. खालच्या बाणाने स्नॅपशॉटवर या. एंटर. तारखा दिसतायत? मंगळवारची घ्या.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग आप्पा म्हणाले, "लागला." आणि थोड्या वेळाने, आवाज जरा खाली आणून, "अख्ख्या नोकरीत मागल्या तारखेनं नोंद घालायची माझी कधी छाती झाली नाही. म्हातारपणी केली बघ."

त्यांनी टाइमशिफ्टमधून मंगळवार कायम केला. दुपारी आईचा फोन आला. तिचं ब्राउझर म्हणतंय, तुमच्या सेटिंग्ज माझ्यापेक्षा नव्या आहेत, नवी प्रोफाइल करा. बरोबरच होतं त्याचं. सिस्टीम मंगळवारात गेली आणि तिच्याबरोबर फायरफॉक्सही. होम मात्र शुक्रवारात होतं. सीमा आखली की तिच्यावर असली भांडणं होतातच. फायरफॉक्स तेवढं पुढे आणलं की मिटलं. लॉगही मी दुरून वाचला. मागे गेलेल्या सिस्टीममध्ये शुक्रवारच्या पहाटेपर्यंतच्या सगळ्या ओळी जागेवर होत्या आणि ड्रायव्हरचं नाव त्यांत ढळढळीत होतं. त्या एकाला रोखून बाकी अपडेट सोडले.

मे महिन्यात गेले. तासगाव स्टँडवर उतरले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती, तिथून घरी फोन केला, रिक्षाने येते म्हणून. घरी पोचून चहा घेतला, आंघोळ केली, आणि मग सहज म्हणून टाइमशिफ्ट उघडलं. यादीत प्रत्येक स्नॅपशॉटपुढे शेरा लिहायची एक जागा असते. मी ती कधी वापरली नव्हती. आता ती वरून खालपर्यंत भरलेली होती, सरकारी मराठीत. 'नवीन प्रिंटर जोडणेपूर्वी.' 'सौ. यांचे ब्राउझर दुरुस्तीपूर्वी.' 'ड्रायव्हर प्रकरण. रद्द.'

सगळ्यात खालची ओळ त्याच दिवशीची होती, चार वाजून चौदा मिनिटांची.

'मुलगी पुण्याहून येत आहे. तिने हात लावणेपूर्वीची स्थिती. कायम ठेवावी.'